फॉइलमधलं जोडपं

एका अत्यंत नाजूक रंगाची कुपी मी मेथीचा पराठा समजून उघडली, खिडकीत ठेवली आणि विसरलो. तीन तास तिच्यावर भोपाळचं एप्रिलमधलं ऊन पडत होतं. मग मी ती पुन्हा गुंडाळली, फ्रिजमध्ये ठेवली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

कुपीचा आणि पराठ्याचा संबंध काय, हे सांगायचं तर उमाळकर मॅडम सांगाव्या लागतात. आणि मॅडम सांगायला घेतल्या की माझी पंचाईत होते. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि त्या मला शिकवत होत्या की माझी फिरकी घेत होत्या, हे मला सहा वर्षांत कळलं नाही. आजही कळलंय असं नाही.

आमच्या कारखान्याच्या टाउनशिपचं एक इस्पितळ होतं. त्याच्या पहिल्या मजल्यावर, पॅथॉलॉजीच्या अगदी टोकाला, काळा पडदा लावलेली एक खोली होती. त्या खोलीत फ्लो सायटोमीटर नावाचं यंत्र होतं आणि यंत्रापुढे उमाळकर मॅडम होत्या. ठेंगण्या, सावळ्या, नाकावर घसरलेला चष्मा, पांढऱ्या कोटाच्या खिशात मार्कर पेन, आणि एप्रिल असो की डिसेंबर, खांद्यावर निळी शाल. खोलीचा एसी यंत्रासाठी चालायचा. "त्याला गरमी होते, मला थंडी होते. सरकारी नोकरीत कोणाचं ऐकतात? मशीनचं," असं त्या म्हणायच्या.

त्यांचे सासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले होते. भोपाळमध्ये दोन पिढ्या काढूनही मॅडमच्या बोलण्यातलं नागपूर हललं नव्हतं. त्यात वरून हिंदीची फोडणी पडली होती, एवढंच. आमच्या घरी वडिलांमुळे पुणेरी बोलणं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "नमस्कार, मी बापट. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाव का? बरं झालं बाप्पा. तो स्टूल सरकव इकडे."

त्या स्वतः डिप्लोमा झालेल्या टेक्निशियन. माझी पदवी त्यांच्यापेक्षा मोठी, पगार त्यांच्यापेक्षा कमी आणि अक्कल कशाच्याच हिशेबात नाही, अशी आमच्या खोलीची एकूण व्यवस्था होती.

यंत्राचं काम त्यांनी मला जसं समजावलं तसंच सांगतो, कारण पुस्तकातलं मला तेव्हाही समजलं नव्हतं. सकाळच्या पाळीला कारखान्याच्या गेटवर माणसं एकामागोमाग एक आत सोडतात ना, तशा रक्तातल्या पेशी खारट पाण्याच्या बारीक धारेतून एकेक करून लेझरच्या उजेडापुढून जातात. प्रत्येक पेशीच्या अंगावर आपापल्या खुणा असतात. त्या खुणांना चिकटणारे चमकते रंग आपण आधीच रक्तात घालून ठेवतो. लेझर पडला की रंग उजळतो, यंत्र तो टिपतं, आणि ही पेशी कोणत्या खात्यातली हे कळतं. एखाद्या खात्याची माणसं अचानक भरमसाट वाढली किंवा भलत्या दोन खुणा एकाच अंगावर दिसल्या, तर समजायचं की रक्तात काहीतरी वाईट शिजतंय.

"आता गंमत ऐक," मॅडम म्हणाल्या. "रंग काही आपल्या हद्दीत राहत नाहीत. हिरव्याचा उजेड नारिंगीच्या खिडकीत जाते, नारिंगीचा लालच्या. शेजाऱ्याच्या घरचा टीव्ही आपल्या घरात ऐकू येते की नाही? तसं. म्हणून कोणत्या खुणेला कोणता रंग द्यायचा, हे ठरवणं म्हणजे क्वार्टर अलॉट करणं आहे. कोण कोणाच्या भिंतीला भिंत लावून राहणार, ते आधी पाहायचं."

त्यांनी रंगांना नावं ठेवली होती. डब्यांवरची लांबलचक इंग्रजी नावं मी घोकत असायचो आणि त्या "बापट, ते लाउडस्पीकर दे" म्हणायच्या. लाउडस्पीकर म्हणजे पीई नावाचा नारिंगी रंग. थोडासा घातला तरी डोळे दिपवणारा. दुसऱ्या, लाल लेझरवर चालणारा एक रंग होता, तो "पलीकडच्या ब्लॉकमधला". त्याचं आमच्याकडच्या कोणाशी भांडण नाही. आणि एक होतं "जोडपं". पीईलाच दुसरा रंग जोडून केलेलं. उजेड पीई घ्यायचा, तो जोडीदाराला द्यायचा, आणि चमकायचा जोडीदार, पार वेगळ्या, गडद लाल खिडकीत.

"याला जप," त्या म्हणाल्या होत्या. "उन्हात ठेवलं की हे जोडपं तुटते. बायको माहेरी जाते आणि नवरा पुन्हा आपल्या जुन्या आवाजात बोंबलायला लागते. मग तू म्हणशील, नारिंगी खिडकीत हा कोण आला?"

मी मान डोलावली होती. वहीत लिहूनही घेतलं होतं. माझं लिहून घेणं फार चांगलं होतं.

उजेडापासून जपायचं म्हणून रंगांच्या कुप्या फॉइलमध्ये गुंडाळायच्या. फॉइल स्टोअरमधून येतं. पण स्टोअरला मागणीचा इंडेंट टाकायचा, त्यावर तीन सह्या घ्यायच्या आणि मग दिवाळीची वाट पाहायची. मॅडमनी त्यावर इलाज काढला होता. त्या डब्यात फॉइलमध्ये पराठे आणायच्या. ते फॉइल घरी धुऊन, वाळवून, हाताने सपाट करून पुन्हा आणायच्या आणि कुपीभोवती पानाच्या विड्यासारखी घडी घालून शेवटचं टोक आत खोचायच्या. त्यामुळे आमच्या रंगांना किंचित मेथीचा वास यायचा. आमचे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर सक्सेना एकदा कुपी नाकाशी धरून म्हणाले, "उमाळकर मॅडम, ये कौन सा नया डाय है?" मॅडम म्हणाल्या, "सर, ये कसूरी है."

त्यांची दुसरी खोड म्हणजे एकेकटी नळी. रोज सकाळी, कितीही काम असो, त्या प्रत्येक रंगाची एक वेगळी नळी लावायच्या. एका नळीत एकच रंग, दुसरं कोणी नाही. त्यावरून कोण कोणाच्या खिडकीत किती सांडतोय हे कळायचं आणि तेवढं वजा करता यायचं. यात एक तास जायचा. मी म्हणायचो, "मॅडम, कालचेच आकडे वापरू की. एका रात्रीत काय बदलणार?"

"माणूस बदलते एका रात्रीत," त्या म्हणायच्या. "एकेकट्याला बोलाव आणि विचार. चारचौघात कोणी खरं बोलत नाही."

हे फक्त रंगांबद्दल आहे असं मला वाटायचं. तो समज टाउनशिपच्या मराठी मंडळात उतरला.

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी समूहगान असायचं आणि ते बसवायच्या उमाळकर मॅडम. त्यांना स्वतःला गाता येत नव्हतं, पण कोणाला कुठे उभं करायचं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ज्याचा आवाज बारीक त्याच्यापुढे माइक. ज्याचा मोठा तो मागच्या रांगेत, भिंतीशी. माझा आवाज मोठा. मागच्या रांगेत उभं केल्याचा मला अपमान वाटला आणि ऐन कार्यक्रमाच्या वेळी मी हळूच पुढे सरकून साठेवहिनींच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. साठेवहिनींचा आवाज अगदी बारीक, आणि त्यांच्यापुढे माइक.

अंतऱ्याला काय झालं ते मला माहीत नाही. मी नेहमीसारखाच गात होतो. पण गाणं संपल्यावर सगळे म्हणायला लागले की आज साठेवहिनींचा सूर फार हलला. बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. मीही जवळ जाऊन त्यांना धीर दिला, "होतं असं कधीकधी, वहिनी. मनाला लावून घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्या गाणाऱ्यांना मंडळाच्या हॉलमध्ये बोलावलं आणि एकेकाला एकट्याने अंतरा म्हणायला लावला. साठेवहिनींनी अंतरा म्हटला, सूर मोत्यासारखा. माझी पाळी आली. मी तिसऱ्या शब्दाला पोचलो आणि मॅडमनी हात वर केला.

"बस. सापडला."

"पण सगळे म्हणत होते की साठेवहिनी..."

"तू सांडून राहिला होता त्यांच्या माइकमध्ये. आणि वर त्यांनाच समजावून राहिला होता. बाप्पा, काय हिंमत आहे!"

पुढच्या वर्षीपासून मला पडदा ओढायचं काम मिळालं. ते मी चांगलं करायचो, असं मला वाटतं. निदान त्यात शेजारी कोणी नव्हतं.

यानंतर शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. मला उलटच कळलं. बारीक आवाजाच्याला माइक, हे सूत्र तेवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं आणि ते मी मॅडमवरच चालवलं.

झालं असं की डॉक्टर सक्सेनांनी रक्ताच्या कर्करोगासाठी रंगांची नवी मांडणी करायला सांगितली. त्यात दोन खुणा महत्त्वाच्या होत्या, पाच नंबरची आणि एकोणीस नंबरची. निरोगी रक्तात त्या सहसा वेगवेगळ्या पेशींवर असतात. पन्नाशीपुढच्या माणसाच्या रक्तात या दोन्ही खुणा एकाच पेशीवर आणि भरपूर पेशींवर दिसल्या, तर एका विशिष्ट कर्करोगाचा संशय घ्यायचा. मी एम.एस्सी.ला जागून तीन रात्री वाचन केलं आणि तक्ता केला. त्या आजारात पाच नंबरची खूण फिकट असते, म्हणून तिला लाउडस्पीकर, म्हणजे पीई. एकोणिसाला जोडपं.

मॅडमनी तक्ता पाहिला. "या दोघांना एका पेशीवर शेजारी नको बसवू. जोडप्यातला नवरा पीईच आहे. उद्या तो सुटला तर सरळ पाच नंबरच्या घरात जाऊन बसेल. एकोणिसाला पलीकडच्या ब्लॉकमध्ये दे."

"पण मॅडम, बारीक आवाजाच्याला माइक, हे तुम्हीच सांगितलंत."

"माइक द्यायचाच. पण शेजारी कोण उभा आहे तेही पाहायचं. ते तूच मला शिकवलं ना, गणपतीत?"

डॉक्टर सक्सेना आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होते. मराठी त्यांना अर्धवट समजायची. शेवटी म्हणाले, "मैडम, लड़का पढ़ के आया है। एक बार इसका करके देखते हैं।" मॅडमनी शाल सावरली आणि "ठीक है सर" म्हणाल्या. स्वतःचा जुना तक्ता त्यांनी घडी घालून टेबलाच्या खणात ठेवला. फाडला नाही, हे मी तेव्हा पाहिलं होतं.

त्यानंतर महिन्याभराने, एका शनिवारी, बाहेरच्या खोलीतला रंगांचा फ्रिज बंद पडला. मॅडमना त्याच दुपारी भाचीच्या लग्नाला नागपूरला निघायचं होतं. त्यांनी घाईघाईने सगळ्या कुप्या थर्मोकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवल्या, फ्रिजवाल्याला फोन केला आणि मला सूचना द्यायला लागल्या. खोकं उघडू नको, बर्फ संपला तर खालून आण, फ्रिज थंड झाला की मगच ठेव, रोज एकेकट्या नळ्या लाव, तुझा पराठा बाहेर चहाच्या टेबलावर ठेवला आहे. मी सगळ्याला हो म्हणत होतो. ऐकत होतो असं म्हणणार नाही.

त्या गेल्यावर, एक वाजता, मला भूक लागली. खोकं उघडलं तर फॉइलच फॉइल. मेथीचा वास. एवढासा पराठा असतो का, असं तुम्ही विचाराल. मला वाटलं, प्रवासाच्या घाईत गुंडाळी केली असेल. उघडलं तर आत कुपी. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. मी कुपी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, पराठा शोधायला सोयीचं म्हणून पडदा आधीच सरकवला होता, आणि फोन घ्यायला गेलो. फोनवर फ्रिजवाला होता. मग तो आला, मग फ्रिज उघडला गेला, मग चहाच्या टेबलावर खरा पराठा सापडला आणि मी तो खाल्ला. चार वाजता आत आलो तर कट्ट्यावर जोडपं ऊन खात बसलेलं.

मी त्याला फॉइल गुंडाळलं, दोन्ही टोकं पिळली आणि थंड झालेल्या फ्रिजमध्ये इतर कुप्यांबरोबर ठेवून दिलं. तीन तासांनी काय होतं, असं स्वतःला सांगितलं. वहीत लिहिलेलं होतंच. ती उघडली नाही.

मंगळवारी रघुवंशींचं रक्त आलं. रघुवंशी म्हणजे कारखान्यातले जुने क्रेन ऑपरेटर, इंद्रपुरीत राहायचे. महिनाभर बारीक ताप आणि मानेला गाठी. एका विशिष्ट जातीच्या पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. मी रक्तात रंग घातले आणि यंत्र चालवलं. एकेकट्या नळ्या लावल्या नाहीत. मॅडम नव्हत्या, तास वाचला, आकडे मागच्या आठवड्याचे घेतले.

पडद्यावर एकोणीस नंबरच्या सगळ्याच्या सगळ्या पेशींवर पाच नंबरही दिसत होता. पुस्तकात छापतात तसा. मला काय वाटलं ते आज सांगायला लाज वाटते: मला आनंद झाला. माझ्या तक्त्याने पहिल्याच महिन्यात रोग पकडला होता. बुधवारी मी रिपोर्ट दिला. डॉक्टर सक्सेनांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, "उम्र भी बैठती है, गाँठें भी हैं। मुंबई भेजना पड़ेगा।" आणि त्यांनी रघुवंशींना बोलावून सांगितलं.

शुक्रवारी रघुवंशी माझ्या खोलीच्या दारात उभे. उंच माणूस, हातात टोपी, आणि एक घडी घातलेला कागद.

"साहब, एक बात पूछनी थी। ये मशीन कभी गलत भी बोलती है क्या?"

"मशीन झूठ नहीं बोलती," मी म्हणालो. फार छान वाक्य होतं. कुठे वाचलं होतं कोण जाणे.

त्यांनी मान हलवली. "तो ठीक है। सोमवार को ये फॉर्म दे दूँगा।" तो कागद म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. "बीमार आदमी को ऊपर नहीं बैठना चाहिए साहब। नीचे लड़के काम करते हैं। इतने साल में मेरी क्रेन से किसी के सर पर कुछ नहीं गिरा।"

एकदा फॉर्म दिला की तो परत मिळत नाही, हे टाउनशिपमध्ये शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. मी त्यांना बसा म्हणायलाही विसरलो. ते गेल्यावर मला पहिल्यांदा खिडकीचा कट्टा आठवला. मग मी वही उघडली. "नवरा जुन्या आवाजात बोंबलतो," असं माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पण त्याचा इथे काय संबंध, हे मला धड जुळवता येईना. रंग बिघडला असेल तर उजेड कमी दिसायला हवा, जास्त कसा? रोग दिसला कसा? खरा असेल तर? मी विचार करत गेलो तसा जास्तच गुंतत गेलो, आणि शेवटी नेहमीचा मार्ग धरला: मॅडम येईपर्यंत थांबायचं.

शनिवारी सकाळी मॅडम आल्या. पिशवीतून नागपूरची संत्रा बर्फी काढून माझ्यापुढे ठेवली. मग फ्रिज उघडून एकेक कुपी पाहिली. जोडप्याची कुपी हातात घेऊन त्या जरा थांबल्या आणि ती परत ठेवली.

"काय काय केलं आठवडाभर?"

मी रघुवंशींचा आलेख पडद्यावर लावला. त्या स्टूल ओढून बसल्या. चष्मा वर ढकलला. आडव्या बाजूला एकोणीस, उभ्या बाजूला पाच, आणि एकोणिसाच्या पेशींचे सगळे ठिपके एका तिरप्या रेषेत, जिन्याच्या कठड्यासारखे वर चढलेले.

"हे काय आहे?"

"रोग आहे, मॅडम."

"रोग असा तिरपा उभा राहते?" त्या पडद्यावर बोट फिरवत म्हणाल्या. "ज्याचा एकोणीस जास्त त्याचा पाचही जास्त, बरोबर तेवढाच. खरी माणसं अशी शिस्तीत नाही उभी राहत, बापट. ही कोणाची तरी सावली आहे. एकेकट्या नळ्या कुठे आहेत?"

"लावल्या नाहीत."

"काऊन?"

या प्रश्नाला मी सहा वर्षांत कधीच चांगलं उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हाही दिलं नाही. पण रघुवंशींच्या फॉर्मचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. त्यांनी शाल काढून खुर्चीवर टाकली. शाल काढलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली.

त्यांनी एक नळी लावली. तिच्यात फक्त जोडपं, दुसरं काही नाही. यंत्र घरघरलं. नारिंगी खिडकीत, जिथे कोणालाच बोलावलं नव्हतं, तिथे उजेडाचा ढीग लागला.

साठेवहिनींचा अंतरा असाच होता. एकोणीस नंबरवर बसलेला नवरा सुटून स्वतःच्या आवाजात ओरडत होता, आणि आम्ही म्हणत होतो, पाच नंबर सापडला.

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पडद्याकडेच बघत विचारलं, "जोडपं कोणी उन्हात नेलं?"

खोलीत काम करणारे आम्ही दोघेच, त्यातल्या एक आठवडाभर नागपूरला होत्या. मी म्हणालो, "मी. पराठा समजून."

मला वाटलं, आता काहीतरी येईल. त्या फक्त म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबांना फोन कर."

"मी करू?"

"मग कोण? साठेवहिनी?"

फोनवर मी डॉक्टर सक्सेनांना सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "पराठा?" मी म्हणालो, "जी." ते म्हणाले, "रघुवंशी को मैं खुद बुलाता हूँ। आप लोग तैयारी कीजिए।"

मॅडमनी टेबलाच्या खणातून आपला जुना तक्ता काढला. एकोणीस पलीकडच्या ब्लॉकमध्ये. दुपारी रघुवंशी आले, ताजं रक्त दिलं आणि दाराबाहेरच्या बाकावर बसून राहिले. मॅडमनी आधी एकेकट्या नळ्या लावल्या, एक-एक करून, नेहमीचा पूर्ण तास घेऊन. मी बाहेर डोकावून सांगितलं, "थोडा समय लगेगा." ते म्हणाले, "लगने दीजिए साहब, इस बार लगने दीजिए."

या वेळी एकोणीस नंबरच्या पेशी एकीकडे, पाच नंबरच्या दुसरीकडे. मधल्या जागेत नेहमी असतात तेवढेच चार चुकार ठिपके. तिरपी रेष गेली होती. मी तरी विचारलं, "मग गाठी कसल्या? ताप कसला?"

"ते डॉक्टर पाहतील. आपल्याला जे विचारलं तेवढं सांगायचं," मॅडम म्हणाल्या. डॉक्टरांनी गाठीची सुई-तपासणी करून घेतली. क्षयाची गाठ निघाली. औषधांनी बरी होणारी. फॉर्म सोमवारी गेला नाही. औषधांचा कोर्स संपल्यावर रघुवंशी पुन्हा क्रेनवर चढले. एकदा इस्पितळात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "साहब, मशीन तो झूठ नहीं बोलती ना?" मॅडम शेजारीच होत्या. म्हणाल्या, "मशीन नहीं बोलती, भैया. मशीन के आगे जो बैठता है वो बोलता है." मी यंत्राची धूळ पुसायला लागलो.

त्या दिवसापासून भिंतीवर मॅडमचा तक्ता लागला आणि माझा तक्ता खणात गेला.

मला खरी बोच लागली ती फार पुढे. एकदा रंग गुंडाळताना माझं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. मॅडमची घडी विड्यासारखी, टोक आत खोचलेलं. माझी गुंडाळी दोन्ही बाजूंनी पिळलेली, पेपरमिंटच्या गोळीसारखी. म्हणजे नागपूरहून आल्या त्या शनिवारी कुपी हातात घेतल्याबरोबर त्यांना कळलं होतं की ही मी उघडली आहे. मग तेव्हाच का बोलल्या नाहीत? मी आपणहून सांगेन म्हणून थांबल्या? की आधी आलेख पाहायचा होता? की कुपी पाहिली आणि खरंच काही लक्षात आलं नाही? मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला काय वाटते?" मी म्हणालो, मला कळत नाही. "हाव, ते माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि नळी हलवायला लागल्या.

निवृत्तीनंतर त्या भोपाळमध्येच, बाग सेवनियातल्या त्यांच्या घरी राहायच्या. मी अधूनमधून जायचो. दर वेळी त्या विचारायच्या, "एकेकट्या लावतो ना?" आणि मी हो म्हटलं की माझा चेहरा निरखायच्या. मग मुलगा नागपूरला स्थायिक झाला, मिस्टर गेले, आणि घर विकायचं ठरलं.

शेवटचं पाहिलं ते त्या निघाल्या त्या दिवशी. पुन्हा एप्रिलच. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. फाटकापाशी मुलाची गाडी उभी, आणि मॅडम मागच्या सीटवर, खांद्यावर तीच निळी शाल. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून काळा चष्मा. मी खिडकीशी वाकलो. त्यांनी पिशवीत हात घालून चाचपडत एक फॉइलची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. विड्याची घडी, टोक आत खोचलेलं.

माझा हात आपोआप चालला. मी चटकन खिशातून रुमाल काढला, पुडीवर टाकला आणि ती छातीशी धरून उन्हाकडे पाठ केली.

काळ्या चष्म्यातूनही त्यांना ते दिसलं. गाडी सुरू झाली तशी त्या खिडकीतून बाहेर वाकून म्हणाल्या, "उन्हाला काय भिऊन राहिला? पराठा आहे तो. तुझ्या हाती रंग कोण देते!"